लोखंडकामाची हत्यारं सुतारकामाला लावताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या भोसरीतला एक छोटा फॅब्रिकेशनचा वर्कशॉप बंद झाला आणि तिथलं सामान स्वस्तात घरी आलं. १२५ मिमीचा बेंच व्हाइस, १३ मिमीचं थ्री-फेज पिलर ड्रिल, १५० मिमीचा बेंच ग्राइंडर, दोन अँगल ग्राइंडर, ३५५ मिमीचं कट-ऑफ मशीन, आटे पाडायचा टॅप-डायचा संच, कानशी, होल-सॉ, गुण्या, व्हर्निअर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करायचंय: स्टूल, पाट, छोटी कपाटं. यातलं काय चालेल?

बरंच काही चालेल. या सामानाची पकड आणि मजबुती हवी तेवढी घ्या. वेग आणि धार मात्र जशीच्या तशी उचलू नका. लोखंड हळू, जोर लावून, तेल सोडत कापतात. लाकडाला वेग लागतो, भुसा बाहेर पडायला मोकळी जागा लागते आणि तेलाचा डाग चालत नाही. त्यामुळे कुठलंही मशीन सुरू करण्याआधी सफाई करा.

आधी तेल आणि कीस काढा

वर्कशॉपमधल्या प्रत्येक वस्तूवर कटिंग ऑइलचा थर असतो आणि त्या थरात लोखंडाचा बारीक कीस रुतलेला असतो. दोन्ही लाकडाचे वैरी. तेल लागलेल्या जागी सरस नीट धरत नाही आणि पॉलिशही बसत नाही. कीस जास्त फसवा, कारण तो लगेच दिसत नाही. सागवानात आणि बाभळीत टॅनिन असतं. लोखंडाचा कण, टॅनिन आणि ओल एकत्र आली की निळा-काळा डाग पडतो. कोरड्या फळीवर पडलेला ग्राइंडरचा कीस नुसता धुळीसारखा दिसतो. पावसाळी हवेत किंवा पाण्यातलं पॉलिश मारताच त्याच फळीवर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके उमटतात. मग रंधा मारावा लागतो किंवा रसायन वापरावं लागतं.

सफाईचा क्रम: रॉकेल आणि ताठ ब्रशने सगळं घासून घ्या, कापडाने कोरडं करा, मग थिनरच्या फडक्याने पुसा. शेवटी पांढरं कापड दाबून फिरवा. कापड राखाडी झालं तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम उघड्यावर करा आणि जवळपास ठिणगी नको. बिडाचे उघडे भाग नंतर गंजतात. त्यांना तेल न लावता मेणाचं पॉलिश लावा आणि वाळल्यावर घासून काढा. सिलिकॉनचा स्प्रे शेडमध्ये आणूच नका. त्याचा अंश फळीवर गेला तर लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि थरावर थर चढवूनही भरत नाहीत.

डाग पडलेच तर ऑक्झॅलिक अॅसिडचं पाच टक्क्यांच्या आसपासचं द्रावण, म्हणजे एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम पावडर, ब्रशने अख्ख्या फळीवर लावा. नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिकट चट्टा राहतो. दहा-पंधरा मिनिटांत काळेपणा जातो. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून फळी पूर्ण वाळू द्या. ही पावडर विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्या फळीला सँडपेपर मारताना मास्क लावा, कारण उरलेले स्फटिक धुळीबरोबर नाकात जातात.

व्हाइस

या ढिगातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. पण दोन अडचणी आहेत: जबड्यांचे दाते आणि उंची.

कानस चालवायला जबडे कोपराच्या उंचीला लागतात, म्हणजे जमिनीपासून साधारण १०५० मिमी. रंधा मारायला टेबल ८५० मिमीच्या आसपास हवं, कारण तिथे अंगाचं वजन वरून पडायला पाहिजे. आता ८५० च्या टेबलावर व्हाइस ठेवला तर जबडे वीतभर वर जातात, आणि त्यात धरलेल्या फळीच्या कडेला रंधा मारताना खांदे भरून येतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने टेबलाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात खाच घ्यावी, आणि १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून केलेली बैठक त्या खाचेत खाली बसवावी. बुडापासून जबड्याच्या माथ्यापर्यंत तुमच्या व्हाइसची उंची मोजा. त्या मापाने बैठक अशी खाली घ्या की लोखंडी जबड्याचा माथा टेबलाच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिमी खाली राहील. बैठकीखाली ५०×७५ मिमीचे आडवे तुकडे पायांना बोल्टने जोडा. व्हाइस नुसत्या स्क्रूवर बसवू नका. आरपार एम१० किंवा एम१२ बोल्ट आणि खालून मोठे वॉशर लावा.

स्थिर जबड्याचा दर्शनी भाग टेबलाच्या पुढच्या कडेच्या किंचित बाहेर हवा. तो आत राहिला तर उभी लांब फळी टेबलाला अडते आणि कपाटाची बाजू व्हाइसमध्ये धरताच येत नाही. हे बोल्टची भोकं पाडण्याआधीच तपासायचं.

आता दाते. पोलादी जबड्याच्या पट्ट्या बहुतेक व्हाइसला दोन-दोन काउंटरसंक स्क्रूंनी बसवलेल्या असतात. त्या काढा आणि त्याच भोकांत लाकडी जबडे लावा. जाडी २५ मिमी, रुंदी १८० मिमी, उंची ९० मिमीच्या आसपास, लाकडाच्या रेषा (तंतू) आडव्या. स्लाइडवर जिथे अडेल तिथे खालून खाच घ्या. स्क्रूचं डोकं लाकडात किमान १० मिमी आत जायला हवं, नाहीतर फळीवर वळ उमटतो. शिवाय पुढे-मागे जबडा रंध्याने साफ करताना पातं स्क्रूवर जातं.

इथे एक ठेच हमखास लागते. जुन्या व्हाइसचे आटे मेट्रिक असतीलच असं नाही. ५/१६ इंच व्हिटवर्थचं (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचं) भोक दिसायला एम८ सारखंच असतं. पण व्हिटवर्थची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) साधारण १.४१ मिमी आहे आणि एम८ ची १.२५. एम८ चा स्क्रू दोन-तीन फेरे आरामात जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की बिडातले आटे गेलेच. जुना स्क्रू घेऊन दुकानात जा आणि त्याच आट्याचा लांब स्क्रू आणा.

एका लाकडी जबड्यावर दोन-तीन मिमी जाडीचं चामडं किंवा कॉर्क घेऊन ते रबर सोल्यूशनने चिकटवा. त्यामुळे कमी दाबात पकड येते. हे महत्त्वाचं आहे, कारण लोखंडकामाच्या व्हाइसचा स्क्रू फार ताकदीचा असतो. हँडलला अर्धा फेरा जास्त दिला तरी सागवानाची कड चेपते. दोन्ही जबडे बसवल्यावर त्यांचे माथे टेबलाशी रंध्याने एकसारखे करा.

मधोमध स्क्रू आणि स्लाइड असल्यामुळे उभी फळी जबड्याच्या एकाच बाजूला धरावी लागते. मग पुढचा जबडा तिरका होतो, फळी एका कडेला घट्ट आणि दुसऱ्या कडेला ढिली राहते. दुसऱ्या बाजूला त्याच जाडीचा एक ठोकळा घालायचा. वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या एका खिळ्यावर ओवून व्हाइसशेजारीच टांगून ठेवा.

व्हाइसच्या स्क्रूला ग्रीस नको. ग्रीस आणि भुसा मिळून लगदा होतो आणि महिन्याभरात हँडल फिरेनासं होतं. आटे कोरडे करून मेणबत्ती घासा, पुरतं.

पिलर ड्रिल

थ्री-फेज मोटारीपासून सुरू करू, कारण बहुतेकांचं काम इथेच अडतं. घरात २३० व्होल्टचा सिंगल फेज असतो. ड्राइव्ह (सिंगल फेजचा थ्री-फेज करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून थ्री-फेज मोटार चालवता येते आणि वेगही कमी-जास्त करता येतो. पण सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह २३० व्होल्टचाच थ्री-फेज देतो, आणि आपल्याकडच्या लहान मोटारी बऱ्याचदा ४१५ व्होल्टच्या, स्टार पद्धतीने वाइंडिंग जोडलेल्या असतात. तशी मोटार त्यावर जोडली तर फिरते, पण दम नसतो. तो मिळवायला वाइंडिंगमधला स्टारचा जोड उघडून डेल्टा (कमी व्होल्टला चालणारी जोडणी) करावा लागतो, आणि ते रिवाइंडिंगवाल्याचं काम आहे. एका ड्रिलसाठी एवढा खटाटोप नको. अर्ध्या एचपीची, १४४० फेऱ्यांची सिंगल-फेज मोटार बसवा. घेताना शाफ्ट मोजा. ७१ फ्रेमला (फ्रेम म्हणजे मोटारीच्या आकाराचा क्रमांक) १४ मिमीचा असतो, ८० फ्रेमला १९ मिमीचा. पुली त्यानुसार बदलेल किंवा बोअर करावी लागेल.

मोटार पूर्ण बंद बॉडीची, बाहेरून पंख्याने थंड होणारी घ्या. उघड्या जाळीच्या मोटारीत बारीक भुसा सेंट्रिफ्युगल स्विचमध्ये (मोटारीने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणाऱ्या स्विचमध्ये) जाऊन बसतो. मग मोटार नुसती हूं करते आणि फिरत नाही. त्याहून वाईट म्हणजे स्विचची ठिणगी त्याच भुशात पडते. बेल्ट चढवण्याआधी मोटार क्षणभर चालवून दिशा बघा. वरून पाहताना चक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरला पाहिजे. उलटा फिरेल असं दिसलं तर स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करतात. पत्र्याची शेड आणि पावसाळा म्हटल्यावर पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच.

वेग काढणं सोपं आहे: १४४० गुणिले मोटारीच्या पुलीचा व्यास, भागिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास. मोटारीला ६० आणि स्पिंडलला १२० असेल तर ७२० फेरे. लोखंडाला १० मिमीचं भोक पाडताना जो वेग ठेवतात त्याच्या दुप्पट-तिप्पट लाकडाला चालतो. ६ मिमीचं बिट २५०० च्या आसपास छान कापतं. पण मोठ्या बिटला उलट. कपाटाच्या छुप्या बिजागरीसाठी ३५ मिमीचं फॉर्स्टनर (सपाट बुडाचं भोक पाडणारं बिट) लागतं, त्याला ५०० ते ७०० फेरे. ६०० वर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला ६६ मीटर असतो, २८०० वर तो ३०० च्या पुढे जातो. तिथे धूर निघतो, भोकाची भिंत काळी पडते आणि बिटच्या कडेचं पाणी (कडकपणा) उतरतं. बेल्ट हलवायचा कंटाळा केला की नेमकं हेच होतं.

ड्रिलचं बिडाचं टेबल लाकडाला लहान पडतं, आणि भोक खालून फुटतं. १८ मिमी प्लायचा ६००×३५० मिमीचा तुकडा टेबलाच्या खाचांतून बोल्टने बसवा. बोल्टची डोकी प्लायच्या पृष्ठभागाखाली घ्या. बिटच्या बरोबर खाली ७५×७५ मिमीची चौकोनी खिडकी कापा आणि तिच्यात त्याच मापाचे बदलता येणारे तुकडे बसवा. तुकडा फळीला खालून घट्ट टेकलेला असला की तंतू तुटून बाहेर येत नाहीत. चाळणी झाली की तुकडा फिरवा, मग बदला. मागे ५० मिमी उंचीची सरळ पट्टी लावा. तिच्या खालच्या कडेला तीन मिमीची तिरपी काप द्या, नाहीतर तिथे भुसा साचतो, फळी पट्टीला टेकत नाही आणि भोकांची रांग वाकडी जाते.

लोखंडाचं ट्विस्ट बिट ११८ अंशांचं असतं. लाकडात ते तंतूंच्या मागे सरकतं आणि भोकाची कड फाटते. ८ मिमीच्या वरची बिटं घासून लाकडाची करता येतात. ग्राइंडरच्या चाकाची कड आधी ड्रेसरने (चाक सारखं करायच्या हत्याराने) काटकोनात धारदार करा. बिट त्या कडेला अशा कोनात धरा की मधलं टोक आणि बाहेरचा कोपरा यांच्यामधला भाग खोलगट घासला जाईल. मध्ये एक ते दीड मिमीचा काटा उभा राहायला हवा आणि बाहेरचे दोन कोपरे अर्ध्या मिमीने वर. धारेच्या मागे दहा-बारा अंशांचा उतार ठेवा. दोन्ही बाजूंचे कोपरे समान उंचीचे नसतील तर एकच बाजू कापते आणि १० चं भोक १०.५ चं होतं. टाकाऊ सागवानात भोक पाडून व्हर्निअरने मोजा, तेव्हाच कळतं. हायस्पीड स्टीलचं बिट तापून निळं झालं तरी बिघडत नाही, पण लालसर तापलेलं पाण्यात बुडवू नका, त्याला सूक्ष्म चिरा जातात. ८ मिमीच्या खालची बिटं घासत बसू नका. लाकडाची तयार मिळतात.

खोल भोकात दर १०–१२ मिमीला बिट बाहेर काढून भुसा झाडा. लोखंडाच्या बिटची नाळ (वेटोळी खाच) अरुंद असते. ती भरली की बिट कापणं थांबवतं आणि घासून जाळायला लागतं.

या मशीनवर राउटरचं बिट लावू नका. राउटर बिटला मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे लागतात आणि ते बाजूने कापतं. ड्रिलचा चक निमुळत्या शाफ्टवर नुसत्या दाबाने बसलेला असतो, आडवा जोर सोसायला तो केलेलाच नाही. आडवा धक्का बसला की चक बिटासकट सुटून फिरत खाली येतो. लहान सँडिंग ड्रम हलक्या हाताने चालतो. तरी त्याआधी चक उतरवून दोन्ही निमुळते भाग थिनरने पुसा, चकचे दात पूर्ण आत घ्या आणि लाकडी मोगरीने एक-दोन ठोके देऊन बसवा. तेल लावलेला निमुळता भाग धरत नाही.

बेंच ग्राइंडर

ग्राइंडर ठेवा, चाक बदला. वर्कशॉपच्या ग्राइंडरवरचं राखाडी चाक लोखंडाचे कोपरे उडवायला असतं. ते टणक असतं, त्याचे बोथट दाणे लवकर गळत नाहीत, म्हणून ते कापण्याऐवजी घासतं आणि तापवतं. पटाशी आणि रंध्याच्या पात्यासाठी पांढरं अॅल्युमिनिअम ऑक्साइडचं चाक घ्या, ६० किंवा ८० दाण्याचं, जे किंवा के ग्रेडचं (म्हणजे मऊ बांधणीचं). १५० मिमीचं चाक २८५० फेऱ्यांवर सेकंदाला २२ मीटरने धावतं. त्या वेगात पटाशीचं टोक तापायला दोन सेकंद पुरतात.

चाक बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज म्हणजे तडा, ते चाक फेकून द्या. दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर काढायचे नाहीत. डाव्या टोकाला उलटे आटे असतात. नट बेताने आवळा, जास्त आवळलं तर चाक तडकतं. पहिलं मिनिट बाजूला उभं राहून मोकळं चालवा. रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि चाकामधली फट तीन मिमीपेक्षा जास्त नको.

रेस्ट बहुधा पत्र्याची आणि डुगडुगणारी असते. तिच्या जागी कठीण लाकडाचा किंवा प्लायचा तिरपा ठोकळा बिजागरीवर बसवा, ज्याचा कोन फुलपाखरू नटाने पक्का करता येईल. कोन ठरवण्याची सोपी युक्ती: ४ मिमी जाडीच्या पटाशीला २५ अंशांचा उतार हवा असेल तर उताराची लांबी साधारण साडेनऊ मिमी येते, ३० अंशांना ८ मिमी. जुन्या उतारावर मार्करने काळं करा, ग्राइंडर बंद ठेवून चाक हाताने फिरवा आणि काळं कुठे खरवडलं जातं ते बघा. टोकाला खरवडलं तर कोन जास्त, मागे खरवडलं तर कमी.

धारेला खाचा पडल्या असतील तर उतार घासत बसू नका. आधी पटाशी चाकाला सरळ टेकवून टोक बोथट पण काटकोनात करा. मग उतार घासा. टोकाची चकाकणारी रेघ केसाएवढी उरली की थांबा. उतार टोकापर्यंत चाकावर नेला की ते पातळ टोक क्षणात निळं होतं. कार्बन पोलादावर साधारण २२०–२३० अंशांना फिकट पिवळा रंग येतो, ३०० च्या जवळ निळा. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं. निळा रंग सँडपेपरने घालवता येतो, पण खालचं पोलाद मऊच राहतं आणि धार दोन फटक्यांत वळते. तेवढा भाग घासून काढण्याशिवाय उपाय नाही. म्हणून दर दोन-तीन घासण्यांनी पाण्यात बुडवा. हातमोजा न घालता धरा, म्हणजे पातं तापतंय हे निळं होण्याआधी बोटाला कळतं. उरलेली रेघ दगडावर ३० अंशांनी काढा.

आणि आग. ग्राइंडरची ठिणगी भुशाच्या ढिगात पडली तर ज्वाला दिसत नाही. ती आत तासन्‌तास धुमसते. लोखंड घासायचं काम शेडच्या दुसऱ्या टोकाला किंवा बाहेर पत्र्याखाली करा. आधी आजूबाजूचा भुसा झाडून घ्या. भुसा ओढणाऱ्या व्हॅक्युमची नळी ग्राइंडरला जोडू नका, कारण ठिणगी थेट पिशवीत जाते. दिवसाचं शेवटचं काम घासण्याचं नको. घासून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तरी माणूस शेडमध्ये हवा आणि पाण्याची बादली भरलेली हवी.

काय करायचं नाही

अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. १०० मिमीचा ग्राइंडर ११,००० च्या आसपास फेऱ्यांनी फिरतो, त्याला फळीवर टेकणारी बैठक नाही, आणि पातं अडकलं की तो हातातून उसळतो. पातं बसवण्यासाठी गार्ड काढलेला असेल तर ते उसळणं मांडीवर किंवा गळ्यावर येतं. चेनसॉसारख्या साखळीची चकती तर त्याहून घातक. सुतार मार्बल कटरवर ११० मिमीचं पातं लावताना दिसतात. त्याला निदान बैठक आणि गार्ड असतो. तरी पात्यावर छापलेले कमाल फेरे कटरच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असले पाहिजेत, आणि लांब फळी चिरताना मागची चीर मिटू नये म्हणून पाचर घालत जायला हवं.

अँगल ग्राइंडरचा लाकडातला खरा उपयोग फ्लॅप डिस्कसाठी (सँडपेपरच्या पाकळ्यांच्या चकतीसाठी): ४० किंवा ६० दाण्याची, गार्ड जागेवर, दोन्ही हातांनी धरून. स्टुलाची बैठक खोलगट करायला ती उत्तम. जी डिस्क एकदा लोखंडाला लावली ती लाकडाला पुन्हा नाही. कारण वर सांगितलेले निळे ठिपके.

३५५ चं कट-ऑफ मशीन विका. त्याला लाकडाचं पातं लावण्याचा मोह होतो, पण त्याचा क्लॅम्प, गार्ड आणि बैठक घासून कापणाऱ्या चकतीसाठी आहे. दाते फळीला ओढून घेतात आणि एकाच बाजूने धरलेला तुकडा भिरकावला जातो. त्या पैशात चांगली हातकरवत आणि दोन पटाश्या येतील.

जुन्या कानशीची पटाशी किंवा खरादीचं हत्यार करण्याचा सल्लाही ऐकू नका. कानस फार कडक आणि ठिसूळ असते. अडकली तर वाकत नाही, तुकडे होऊन उडते.

लहान हत्यारं

टॅपचा संच लाकडात कसा कामाला येतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिसम, बाभूळ, चांगलं सागवान यांत एम८ किंवा एम१० चे आटे थेट पाडता येतात. जिग (काम धरायचा साचा), मापाचा अडसर, सरकती पट्टी यांसाठी हे फार सोयीचं. एम८ ला ६.८ मिमीचं भोक, लाकूड मऊसर असेल तर ६.५. टेपर टॅप (संचातला निमुळत्या टोकाचा) अर्धा-अर्धा फेरा मागे घेत चालवा आणि भुसा झाडत राहा. मग पातळ सुपरग्लूचे थेंब भोकात सोडा, पूर्ण वाळू द्या आणि टॅप पुन्हा फिरवा. आटे प्लॅस्टिकसारखे टणक होतात. भोकाची खोली बोल्टच्या व्यासाच्या किमान दुप्पट हवी. एम६ च्या खाली जाऊ नका, आणि फळीच्या टोकाकडून रेषांच्या दिशेने पाडलेले आटे भार घेत नाहीत. डाय मात्र लाकडी दांडीवर चालत नाही, तंतू तुटून आटे गळून पडतात.

होल-सॉच्या दात्यांमधली जागा लोखंडाच्या बारीक किसासाठी असते, म्हणून लाकडात ती भरते आणि जळते. आधी पायलटने मध्य घ्या, होल-सॉ दोन मिमी टेकवून गोल उमटवा, आणि त्या गोलाच्या आतल्या बाजूला कापाला चिकटून ८ मिमीची दोन भोकं आरपार पाडा. भुसा तिथून पडतो. अर्ध्यापर्यंत एका बाजूने कापा, मग उलटं करा.

काउंटरसंक ९० अंशांचा असेल तर मेट्रिक चपट्या डोक्याच्या स्क्रूला बरोबर बसतो, पण अनेक दात्यांचा असल्याने वेगात थरथरतो आणि भोकाची कड षटकोनी होते. सगळ्यात कमी वेगावर किंवा हाताने फिरवा. बारीक कानस लाकडाला नको, ती स्क्रेपरची (लाकूड खरवडायच्या पोलादी पट्टीची) कड काटकोनात करायला ठेवा. लोखंडावर रेघ मारायचा स्क्राइबर लाकडाच्या रेषेत घुसून भरकटतो. आडवी रेघ धारदार सुरीनेच मारायची.

व्हर्निअर ०.०२ मिमी दाखवतो, पण त्या आकड्याच्या मागे लागू नका. सागवानाची १०० मिमी रुंद, चपटी चिरलेली फळी दर एक टक्का ओल वाढली की साधारण ०.२ मिमी फुगते. उन्हाळ्यात पुण्यात १० टक्क्यांवर असलेली फळी पावसाळ्यात १५ वर गेली तर एक मिमी वाढली. ड्रॉवरच्या बाजूला ठेवायची फट त्या हिशोबाने ठरवा. व्हर्निअरचा उपयोग बिटचा व्यास, प्लायची खरी जाडी (१८ चं प्लाय बऱ्याचदा १७ आणि काही भरतं) आणि खाच-कूस एकमेकांशी ताडून बघायला.

गुण्या मात्र आधी तपासा, कारण वर्कशॉपमध्ये तो कितीदा खाली पडला हे कुणी सांगत नाही. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून सुरीने एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. २०० मिमीवर दोन रेघांत जेवढी फट दिसेल, गुण्याची चूक तिच्या निम्मी. फट अर्ध्या मिमीपेक्षा जास्त असेल तर कपाटाच्या कामात तो गुण्या घेऊ नका.